शांतवन आधी ओरडतो

तिसगाव, ता. पाथर्डी
१८ मे १९९९

ती. कृपाआक्कास,
तुझ्या विल्सनचा सलाम.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायला बसलो होतो, पण शाळेत तीस वर्षं मुलांना खोटं लिहू नका सांगितल्यावर आता हात धजत नाही. ठीक नाही. आपला टीव्ही डिजिटल झाला.

आमच्या केविननं पुण्याहून पाठवून माळवदावर बसवून दिलेली ती जाळीची मोठी डिश तुला फोटोत दाखवली होती. तिच्यावर सगळं उत्तम दिसायचं. पण हिवाळ्यापासून एकेक चॅनल जायला लागलं. आज बातम्या गेल्या, उद्या भजनं गेली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवटी पाथर्डीच्या आसाराम मेकॅनिकला बोलावलं. तो डिशकडे न बघता माझ्याकडेच कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "गुरुजी, चॅनल गेलेली नाहीत. ती डिजिटल झालीत. तुमच्या डब्याला ती भाषा येत नाही." मग त्यानं नवा डबा आणून बसवला. चित्र इतकं स्वच्छ, की फलंदाजाच्या पॅडवरची माती दिसते. मी समाधानानं पाय पसरून बसलो.

आणि शनिवारी वर्ल्डकपचा आपला पहिला सामना लागला.

आक्का, तुला आपली वाटणी आठवत असेलच. भिमाजी नानांनी पंच म्हणून बसून घर मधोमध भिंत घालून तोडलं, आणि सामानाच्या वाटणीत टीव्ही मला दिला, अँटेना शांतवनला. बरेच महिने मी बिनअँटेनाच्या टीव्हीसमोर आणि तो बिनटीव्हीच्या अँटेनाखाली बसून होतो. पुढे त्यानं कुठून तरी जुना टीव्ही आणला, मी डिश घेतली. बोलणं तेव्हापासून बंद, ते बंदच.

तर शनिवारी गोलंदाज अजून पळत येत होता. फलंदाज बॅट टेकवून उभा. आणि भिंतीपलीकडून आपले धाकटे बंधू ओरडले, "ग्येला!" मी म्हटलं, गेला असेल कुठं. पण लगेच माझ्या पडद्यावर खरंच दांडी उडाली. एकदा योगायोग समजलो. पण चौकार आधी त्याच्या तोंडून, मग माझ्या टीव्हीवर. दिवसभर असंच. तो आधी ओरडतो, आक्का! जे अजून घडलंच नाही, ते त्याला कळतं. जीपमध्ये मेंढरांसारखी माणसं कोंबून पाथर्डीच्या फेऱ्या मारणाऱ्या माणसाला हे ज्ञान कुठून? मला हे सरळ वाटत नाही. त्याच्यात काही तरी शिरलंय.

तुझा,
विल्सन

•

बेलापूर
२२ मे

चि. विल्सन,
आशीर्वाद. पत्र मिळालं, दोनदा वाचलं आणि चहा गार झाला.

आधी मला सांग, तू गोळी घेतोस का? रक्तदाबाची. तोंडानं "घेतो" म्हणू नकोस, पाकीट बघून सांग. मी नर्स म्हणून उभी हयात वॉर्डात काढली आहे. कानाला आधी ऐकू येतं आणि डोळ्याला मागून दिसतं, असं सांगणारे पेशंट मी पाहिलेत. त्यातला एक तर नुसता उपाशी होता. दुपारी वेळेवर जेवत जा.

शांतवनमध्ये काही शिरलंय वगैरे पुन्हा लिहायचं नाही. लहानपणी त्याला मी भरवलंय. त्याच्या तोंडात मी रोज पाहिलेलं आहे. दातांशिवाय आत काही नव्हतं.

आणि भिंतीचं गाऱ्हाणं मला सांगू नकोस. त्या भिंतीपायी मी माहेर टाकलं. तुझ्या दारातून आत गेले तर तो दुखावणार, त्याच्या दारातून गेले तर तू. म्हणून मी इथंच बसले आहे आणि पोस्टमनची वाट बघते.

गोळी घे.
आक्का

•

तिसगाव
२७ मे

आक्का,
शांतवनचा सलाम. मला लिवायचा सराव न्हाई, तरी लिवतो, कारन आता सोसवंना.

दादा माजी नक्कल करतोय.

तुला वाटंल मी उगीच बोलतोय. आयक. मॅच लागली की मी आन् चांगुणा टीव्हीपुढं बसतो. दोन-चार गडी माळाच्या वाटंनं येत्यात. इकेट पडली की मी म्हनतो, "ग्येला!" तर लगीच भितीपल्याडून आवाज येतो, "गेला!" शुद्ध भाषेत. मी म्हनतो, "हान तिच्यायला!" तर पल्याडून, "वा, उत्तम!" मी वरडायचं आन् त्यानं मागनं सुधरून वरडायचं. जसं काय माजी वही तपासतोय.

काल श्रीलंकेला आपल्यावाल्यांनी लई धुतलं. मी वरडून वरडून घसा बसिवला, तर पल्याड बी तेवडंच. आता तर नुसता त्यो न्हाई, धा-वीस मान्सं मिळून नक्कल करत्यात. मी मुद्दाम मोट्यानं शिंकलो. शिंकंची नक्कल न्हाई केली. म्हंजी निवडून निवडून करतोय, बघ.

गुरुजी हाय म्हनून काय धाकट्या भावाला असं चिडवायचं व्हय? चांगुणा म्हन्ती, जाऊन इचारा. मी न्हाई जायचा. तूच त्येला लिव. पर मी लिवलं म्हनून सांगू नगं.

तुजा,
शांतवन

•

तिसगाव
२९ मे

ती. आक्का,
गोळी घेतो. पाकीट बघून लिहितोय.

उलगडा झाला आहे, पण सुख नाही. आसारामला पुन्हा बोलावून घेतलं. भिंतीपलीकडचा माणूस आधी ओरडतो म्हटल्यावर तो जरा हसला आणि माझ्याच खुर्चीत बसून मला शिकवायला लागला. "गुरुजी, तिकडं चित्र फोडून त्याचे आकडे करतात. आकडे वर उपग्रहाला जातात, तिथून खाली येतात, आणि तुमचा डबा ते आकडे जुळवून परत चित्र करतो. जुळवायला टाइम लागणारच. तुम्ही पेपर तपासायला घरी न्यायचे, तेव्हा निकाल लागायला वेळ लागायचा का नाही?"

मी विचारलं, "आणि शांतवनच्या गंजलेल्या काठीचं काय?"

"तिथं कसली मोजामोजी. जसं आलं तसं घुसलं."

"म्हणजे मी नवं यंत्र आणून मागे पडलो, आणि तो जुन्यावर बसून पुढे आहे?"

"मागं नाही गुरुजी," आसाराम म्हणाला. "स्वच्छ."

मी डिश उचलून तिच्या पायाखाली विटा रचायला लावल्या. उपग्रहाच्या तेवढंच जवळ. काडीचा फरक पडला नाही. मग मधल्या भिंतीवर गोधड्या टांगल्या, म्हणजे त्याचा आवाजच यायला नको. त्या गोधड्या माणसांनी काढून टाकल्या.

कोणती माणसं, तर हा नवाच ताप आहे. छगन टेलर, पोस्टातला सहादेव आणि निम्मी पेठ हल्ली सामना बघायला माझ्याकडे येते. तुला वाटेल, चित्र स्वच्छ म्हणून. नाही! ही मंडळी भिंतीकडे तोंड करून बसतात. टीव्हीकडे पाठ. आपसात गप्पा, तंबाखू, पिकांचं बोलणं. पलीकडून शांतवन "ग्येला!" म्हणाला की सगळे गर्रकन वळतात आणि पडद्यावर विकेट पडताना बघतात. मग पुन्हा भिंतीकडे. छगन मला म्हणतो, "गुरुजी, अशी सोय तालुक्यात नाही. आधी कळतं, मग दिसतं. काही म्हणता काही चुकत नाही." भिंतीलगतच्या जागेवरून काल भांडण झालं.

माझ्या घरात, माझ्या टीव्हीसमोर, लोक शांतवनला ऐकायला येतात. काय म्हणायचं याला?

तुझा,
विल्सन

•

बेलापूर
२ जून

चि. विल्सन,
आजवर मी एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. दोघांची पत्रं वेगवेगळ्या डब्यात ठेवली. आज नियम मोडते, कारण न मोडता गप्प बसले तर मलाच गोळी घ्यावी लागेल.

तुझ्या डब्याचं काय होतं ते तुला आता कळलं. पण भिंतीच्या त्या बाजूला काय ऐकू जात असेल, हा विचार तू केलास का? तो ओरडतो. क्षणभरानं तू तेच ओरडतोस. तो पुन्हा ओरडतो, तू पुन्हा. त्याला तर डिजिटल म्हणजे काय हे ठाऊकच नाही. त्याला वाटतं, तू त्याची नक्कल करतोस, आणि तीही शुद्धलेखन सुधारून. आता तर गाव गोळा करून नक्कल करतोस.

तू चिडलास तो आधी ओरडतो म्हणून, आणि तो चिडलाय तू मागून ओरडतोस म्हणून. दोघंही खरं सांगताय, हीच पंचाईत.

आता ऊठ, चप्पल घाल, त्याच्या दारात जा आणि आसारामनं तुला सांगितलं तसं त्याला सांग. एवढंच करायचं आहे. आकड्यांचं नीट सांगता नाही आलं तरी चालेल.

आक्का

•

तिसगाव
५ जून

ती. आक्का,
तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. नक्कल! मी वर्गात मुलांना नक्कल केल्याबद्दल बाकावर उभं केलेलं आहे.

त्याच्या दारात जाणं मात्र माझ्यानं होणार नाही. मोठा मी आहे. शिवाय गेलो आणि त्यानं दार लावून घेतलं तर? म्हणून मी दुसरा उपाय काढला. माझ्या घरात यापुढे सामना मौनात बघायचा. कोणी ओरडायचं नाही, टाळी नाही, खोकला आला तर बाहेर जाऊन यायचं. चपलासुद्धा ओट्याखाली काढायच्या, आवाज नको. मंडळी कुरकुरली, पण भिंतीपायी तयार झाली. काल करून पाहिलं. प्रभुभोजनाच्या वेळी चर्चमध्येही नसते एवढी शांतता होती. मला फारच आनंद झाला तर मी उशी दाबतो.

आता त्याला चिडवल्यासारखं वाटणार नाही. प्रश्न सुटला.

तुझा,
विल्सन

•

तिसगाव
९ जून

आक्का,
बेगीन उत्तर धाड. दादाची तब्येत बरी हाय का? तुला काय कळवलंय का त्यानं?

चार-पाच दिस झाले, पल्याडून आवाज न्हाई. पैल्यांदा म्हनलं, बरं झालं, खोड मोडली. पर काल पाकिस्तानला हरिवलं, आक्का. पेठंत फटाके वाजले. फादरसुदीक बाहीर येऊन नाचले म्हनत्यात. आन् दादाच्या घरातून चकार शब्द न्हाई. मानूस जिता असंल तर पाकिस्तानच्या मॅचला गप बसंल का?

मी पेला भितीला लावून आयकलं. टीव्ही चालूच हुता. कुनीतरी दबून खोकलं. दादाचा आवाज न्हाई. मंग वट्यावर उभा ऱ्हाऊन बघितलं, तर लोकं चपला काढून, खाली मान घालून आत जात्यात आन् तशीच बाहीर येत्यात. छगनला इचारलं, "काय रं, काय झालंय?" तर त्यानं तोंडावर बोट ठिवलं आन् ग्येला. चांगुणा म्हन्ती, मयताच्या घरी जात्यात तशी जात्यात मान्सं.

मी बी आता वरडायचं सोडलंय. वरडलं की पल्याडचं आयकू येत न्हाई. मॅचमदी ध्यान लागंना.

दारातनं जायला पाय उचलत न्हाई. तुजं उत्तर न्हाई आलं तर माळवदावरनं बघतो. धूर जायला आईनं ठिवलेलं भोक हाय, त्यातनं त्याची खाट दिसती.

तुजा,
शांतवन

•

तिसगाव
१३ जून, रविवार

ती. आक्का,
हे पत्र लिहिताना माझा हात दुखतो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

काल आपला न्यूझीलंडशी सामना होता. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे मौनात. भिंतही मुकी. तीन-चार दिवस तीही गप्पच होती, त्यामुळे मंडळी नाराज होती आणि निम्मीच आली होती. मला खरं तर मोकळं वाटायला हवं होतं. प्रत्येक चेंडू आता मला पहिल्यांदाच दिसत होता. पण चौकार बसला की मी भिंतीकडे बघायचो. काय सांगू, चव येत नव्हती.

संध्याकाळी वारं सुटलं. धुळीचा लोट आला. आणि एकाएकी पडद्यावरच्या फलंदाजाचे चौकोन चौकोन झाले. मुंडकं एकीकडे, पाय भलतीकडे, चेंडू हवेत टांगलेला, आणि सगळं तसंच थिजून राहिलं. वर माळवदावर धाडकन काही तरी आपटलं. मौन पहिल्यांदा छगननं मोडलं. "गुरुजी, मान्सं तुटली!"

मी जिन्यानं वर गेलो. बघतो तर डिशमध्ये शांतवन.

उताणा पडला होता, आक्का. पाय वर, अँटेनाचा दांडा छातीशी घट्ट धरलेला, तोंड आभाळाकडे. भोकातून वाकून माझी खाट बघत होता म्हणे. वाऱ्यानं तोल गेला, आधाराला अँटेना धरला, तो मुळासकट उपटला आणि दोघे मिळून माझ्या डिशमध्ये.

मी म्हटलं, "शांतवन?"

"हां."

"इथं काय करतोस?"

"तुला बघाया आलो हुतो."

"मला? कशाला?"

"तुजा आवाज न्हाई कवाचा. म्हनलं…" त्यानं मान वळवली. "म्हनलं, ग्येला का काय."

मी म्हटलं, "अरे, मी तुझ्यासाठी गप्प होतो."

"माज्यासाठी? मी काय मेलो हुतो व्हय, मौन पाळाया?"

त्याला उठवायला मी एक पाय डिशमध्ये टाकला. विटांवर ठेवलेली ती डिश माझ्या वजनानं कलंडली आणि मीही आत गेलो. जाळी आमच्या दोघांभोवती वाकली. मला हलता येईना, त्याला उठता येईना. छगन वरून ओढायला लागला तर जाळी आणखी आवळायची. शेवटी सहादेव म्हणाला, "थांबा, पक्कड आणतो," आणि सगळे खाली गेले. का सगळे गेले, मला माहीत नाही. पक्कड आणायला एक माणूस पुरतो.

आम्ही दोघे डिशमध्ये राहिलो. त्याचं कोपर माझ्या बरगडीत. वाटणीनंतर इतक्या जवळ आम्ही कधी आलो नव्हतो.

मी त्याला आकड्यांचं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग येवडा भारी डबा आनून उपेग काय?" मी म्हटलं, "स्वच्छ दिसतं." तो म्हणाला, "स्वच्छ मलाबी दिसतं, निस्तं काळंपांढरं."

मग मी माझं खरं गाऱ्हाणं काढलं. म्हटलं, "तू आईला माझ्यापासून तोडलंस." हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो, तुलाही नाही. आई शेवटपर्यंत त्याच्याकडे राहिली. एका भिंतीच्या अंतरावर माझं घर, पण माझ्याकडे एक रात्र आली नाही. ते मला लागलेलं होतं. अँटेनाचं भांडण वरवरचं.

तो म्हणाला, "तिला तुज्याकडंच यायचं हुतं. वैनी शेवटच्या दुखन्यात अंथरुनात हुत्या. 'विल्सनवर दोघींचा भार नको' म्हनाली आन् ऱ्हायली माज्याकडं. रोज भितीला कान लावून बसायची, वैनींचा खोकला आयकत."

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का?"

"विचारायला तू दारात उभं केलंस का?"

"आन् तू आलास का दारात?"

अशी सुरुवात झाली. पक्कड घेऊन मंडळी वर आली तेव्हा आम्ही इतक्या मोठ्यानं भांडत होतो, की चांगुणा खालून ओरडली, "काय मारामारी लागली का?" जाळी तोडून आम्हाला बाहेर काढलं. डिशची चाळण झाली आहे. अँटेना दोन ठिकाणी वाकला. आपला संघही हरला म्हणतात, बघायला कोणाकडेच काही नव्हतं. शांतवनचा डावा घोटा सुजला आहे. जिना उतरवल्यावर माझंच दार जवळ पडलं, म्हणून त्याला माझ्या खाटेवर निजवलं. चांगुणानं भाकरी तिकडून इकडे आणली. जेवताना भांडलो. आज चर्चला जाताना आणि येताना भांडलो. तो काठीवर होता, त्यामुळे वाटेत भरपूर वेळ मिळाला. आसाराम येऊन डिशकडे बघून गेला. काही बोलला नाही, हे पहिल्यांदाच.

आत्ता तो माझ्यासमोर पाय उशीवर ठेवून बसला आहे आणि मी काय लिहितोय ते मोठ्यानं वाच म्हणतो आहे. वाचलं, तर "वरवरचं" या शब्दावर पुन्हा सुरू झाला आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अँटेनाचं भांडणसुद्धा खरंच होतं. खाली चार शब्द त्याला लिहू देतो.

तुझा,
विल्सन

आक्का, घोटा लई ठनकतोय. दादा शेक दे म्हन्तो, चांगुणा हळद लाव म्हन्ती. काय करू? बाकी ह्यो मानूस अजून तसाच हाय. एकबी गोष्ट कबूल करत न्हाई. शांतवन.

•

बेलापूर
१६ जून

चि. विल्सन आणि चि. शांतवन,
दोघांचं नाव एका पत्रावर लिहिताना पेन अडलं, सवय नाही म्हणून.

शेक अजिबात द्यायचा नाही. हळदही नाही. थंड पाण्याची पट्टी, पाय उंच, आणि दोन दिवस चालणं बंद. काठी घेऊन चर्चला कोणी नेलं त्याला? विल्सन, तू गुरुजी आहेस, डॉक्टर नाहीस. आणि तुझी बरगडी दुखते हे तू लिहिलं नाहीस, पण कोपराचं लिहिलंस त्यावरून कळलं. श्वास घेताना टोचत असेल तर पाथर्डीला दाखवून ये. शांतवनच्या जीपनं नव्हे, एसटीनं.

आईचं मला माहीत होतं. तिनंच मला सांगितलं होतं आणि कोणाला बोलू नकोस म्हणाली होती. तिचं ऐकून मी चुकले की बरोबर केलं, ते मला अजून ठरवता येत नाही. समोरासमोर बसून ठरवू.

पुढच्या शुक्रवारी येते. श्रीरामपूरहून नगर, नगरहून तिसगाव. संध्याकाळपर्यंत पोचेन. चांगुणाला सांगा, माझ्यासाठी तिखट कमी टाक.

आणि मी येईपर्यंत भांडण मिटवू नका. इतकी वर्षं तुमचं भांडण मी पोस्टानं वाचलं. एकदा कानांनी ऐकायचंय.

तुमची,
आक्का